आवक क्रमांक एकसष्ट

उल्हास हुपरीकरांचा उल्हास जन्माच्या दाखल्यावर होता, बाकी कुठे फारसा कोणाला दिसला नव्हता. तेहेतीस वर्षं त्यांनी एका सरकारी कचेरीत आवक टेबल सांभाळलं. आलेलं पत्र हातात घ्यायचं, त्यावर तारखेचा शिक्का हाणायचा, रजिस्टरात क्रमांक टाकायचा, पाठवणाऱ्याचं नाव लिहायचं आणि पत्र पुढे सरकवायचं. पाकीट फोडून आतला मजकूर वाचणं त्यांच्या कामात बसत नव्हतं, आणि कामात न बसणारं काही न करण्याबद्दल त्यांची कचेरीभर ख्याती होती. शेजारीच जावक टेबल होतं. तिथे एक गोखलेबाई बसत. तेहेतीस वर्षांत हुपरीकरांनी त्या टेबलावर एकदाही डोकावून पाहिलं नाही. बाहेर काय जातं ते बाहेर जाणाऱ्यानं बघावं!

असा माणूस निवृत्त होऊन मिरजेतल्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये बसला, की त्याच्या हातात एखादा शिक्का द्यावाच लागतो. तो शिक्का त्यांना पासष्टाव्या वाढदिवसानंतर मिळाला. पण आधी त्या वाढदिवसाचं सांगायला हवं.

त्या सुमारास प्रत्येक कामाच्या माणसाकडे एक 'मुखत्यार' असे. मुखत्यार म्हणजे मालकाच्या आवाजात, मालकाच्या बोलण्याच्या लकबीत फोन करणारा, पत्रं लिहिणारा, तारखा ठरवणारा प्रोग्रॅम. दिवसभराच्या गप्पा तो करी आणि संध्याकाळी मालकाला चार ओळींत सारांश देई. कायद्यानं एवढंच बंधन होतं की मुखत्यार बोलायला लागण्याआधी एक बारीकशी 'टिण्' वाजली पाहिजे. हुपरीकरांचा एकुलता मुलगा तन्मय हॉलंडमध्ये एका बंदरावर, आपोआप चालणाऱ्या क्रेनवर देखरेख करत असे. वडिलांच्या वाढदिवसाला त्याचा फोन आला. सुरुवातीला 'टिण्' वाजली. ती हुपरीकरांना मंगलच्या मिक्सरची वाटली.

मग तेवीस मिनिटं बापलेक बोलले. इतकं ते त्याआधीच्या तीन वर्षांत मिळून बोलले नव्हते. पोरगा ऐकून घेत होता, मधूनमधून "हं, बाबा, मग?" म्हणत होता. इतकं चांगलं ऐकून घेणारा माणूस समोर आला की मनातलं आपोआप बाहेर येतं, हुपरीकरांच्याही आलं. फोन ठेवताना त्यांचे डोळे ओले होते. मंगलला त्यांनी काय बोललो ते सांगितलं नाही.

दोन दिवसांनी कॉलनीतल्या एका शहाण्यानं त्यांना 'टिण्'चा अर्थ सांगितला.

"मशीनशी बोलवलंन मला!" हुपरीकर भिंत हादरेल असे ओरडले. "बापाच्या वाढदिवसाला! साडेचार मिनिटं नव्हती त्याच्याकडे?"

"अहो, कामात असेल," मंगल म्हणाली.

"कामात असेल तर फोन करू नये. मी आयुष्यात कधी कोणाकडे माणूस पाठवून शुभेच्छा दिल्यात?"

"तुम्ही शुभेच्छाच कधी दिल्यात?"

त्याच आठवड्यात त्यांनी 'उंबरा' विकत घेतला.

उंबरा म्हणजे घरातल्या संगणकाचा पहारेकरी, फायरवॉल. एरवी या वस्तूचं काम कंटाळवाणं. संगणकाकडे येणारं सगळं लहान लहान पाकिटांतून येतं. प्रत्येक पाकिटावर कोणाकडून, कोणासाठी आणि कुठल्या दारानं एवढं लिहिलेलं असतं. संगणकाला अशी पासष्ट हजारांवर दारं असतात. कुठल्या पाकिटाला कुठलं दार उघडायचं, हे मालक नियम लिहून ठरवतो. घरचे फोन, टीव्ही, फ्रिज, दाराचं कुलूप आणि दाराची घंटासुद्धा त्याच संगणकावर आल्यामुळे आता हा पहारेकरी अख्ख्या घराचा झाला होता. पाठवणारा स्वतः माणूस आहे की त्याचा मुखत्यार, हेही उंबरा ओळखे आणि नोंदवहीच्या एका रकान्यात तसा शेरा मारी.

पुस्तिका चौऱ्याऐंशी पानांची होती. हुपरीकरांनी ती लाल पेन हातात घेऊन अथपासून इतिपर्यंत वाचली. त्यातल्या दोन गोष्टींवर ते फार खूष झाले.

पहिली अशी. आपण बाहेर काही पाठवलं तर त्याचं उत्तर उंबरा न विचारता आत घेई. आपल्या पत्राला आलेलं उत्तर म्हणजे आगंतुक नव्हे. "संदर्भ : आपलं पत्र क्रमांक अमुक!" हुपरीकर मांडीवर थाप मारून म्हणाले. "हे आमच्याच कचेरीतून उचललेलं दिसतंय."

दुसरी अशी. नको असलेल्या पाकिटाची वासलात लावायचे दोन मार्ग होते. 'परत पाठवा' म्हटलं की पाठवणाऱ्याला कळवलं जाई, तुमचं घेतलेलं नाही. 'मुकाट गिळा' म्हटलं की काहीच कळवलं जात नसे. पाकीट गडप होई, फक्त वरचा पत्ता नोंदवहीत उरे. पुस्तिकेत लिहिलं होतं : 'पाठवणाऱ्याला समोर कोणीच नाही असं वाटू शकतं, किंवा आपल्याला गिळलं जात आहे असंही वाटू शकतं. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं.' या वाक्याखाली हुपरीकरांनी लाल रेघ ओढली आणि गालातल्या गालात हसले. परत आलेल्या पत्रावर माणूस निदान भांडू तरी शकतो. खणात पडून राहिलेल्या पत्रावर कोण कोणाशी भांडणार? हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक होतं!

पहिले तीस दिवस उंबरा शिकाऊ होता. प्रत्येक गोष्टीला विचारी. भिंतीवरच्या पडद्यावर पाटी उमटे : 'अमुक आत येऊ पाहत आहे. येऊ द्या? एकदाच येऊ द्या? परत पाठवा? मुकाट गिळा?' खाली एक बारीक चौकोन : 'पुन्हा विचारू नका.'

हुपरीकरांच्या चेहऱ्यावर रंग आला. ते सकाळी अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून पडद्यासमोर बसत. फ्रिजच्या कंपनीला फ्रिजची खबर हवी होती. मुकाट गिळा. सोसायटीच्या चेअरमनला सगळ्यांना सुप्रभात म्हणायचं होतं. मुकाट गिळा, पुन्हा विचारू नका. साडूच्या मुलाच्या मुंजीचं आमंत्रण आलं. परत पाठवा, साडू होता, तेवढा मान ठेवला.

"अहो, मुंज होती ती!"

"मग लावू दे की. मी आडवा गेलोय का?"

महिनाअखेर हिशेब असा होता : विचारणा चारशे अठरा, गिळलेली तीनशे एकाहत्तर, परत चाळीस, आत घेतलेली सात. त्या सातांत गॅस होता, वीज होती, वाचनालय होतं आणि मंगलची बहीण होती. बहिणीला नाही म्हणायचं धाडस हुपरीकरांना झालं नव्हतं.

तन्मयची पाटी तर पहिल्याच दिवशी उमटली होती. हुपरीकरांनी क्षणभर तिच्याकडे पाहिलं. मग नाव वाचून, बाकीचे रकाने न बघता, 'मुकाट गिळा'वर बोट ठेवलं आणि चौकोनात खूण केली. घरातली सगळी यंत्रं, मंगलचा फोन, दाराची घंटा, सगळीकडे हाच नियम.

"मशीनला मशीनच भेटू दे," ते म्हणाले.

मंगलनं बशीत भडंग काढलं आणि त्यांच्यासमोर जरा जोरातच ठेवलं.

त्यानंतर सात महिने हुपरीकर सुखात होते. त्यांच्यापुरतं सुख म्हणजे कोणी त्रास देत नाही. रोज अकराला ते वाचनालयात जात, साडेबाराला येत. दुपारी दोन घटका पडत. घर असं शांत, की शेजारचे त्यांना गावाला गेलेले समजू लागले.

आणि याच समजुतीतून सगळं बाहेर आलं.

समोरच्या फ्लॅटमधल्या राजमानेबाई मे महिन्यात मुलीच्या बाळंतपणाला पुण्याला गेल्या होत्या, त्या गौरींना परतल्या. हळदीकुंकवाला आल्या, पाटावर टेकल्या, नातीचे फोटो दाखवून झाले, आणि सहज म्हणाल्या, "वहिनी, तन्मय आला तेव्हा तुम्ही कुठं गेला होता? बिचारा ताटकळला."

मंगलच्या हातातला कुंकवाचा करंडा तसाच राहिला. "तन्मय? कधी?"

"अगं बाई, तुम्हाला ठाऊक नाही? मी पुण्याला निघाले त्याच दिवशी. बारा मे. माझी टॅक्सी खाली उभी होती. हा दारात. म्हटलं, अरे, बेल मार जोरात, काका झोपले असतील. तर म्हणाला, 'मारतोय काकू. वाजत नाहीये की उघडत नाहीयेत, कळत नाहीये.' मला वाटलं, तुम्ही गावाला गेलाय."

राजमानेबाईंनी ओटी घेतली आणि त्या गेल्या. त्या जाईपर्यंत मंगल हसत होती. दार लागलं आणि हसू संपलं.

"नोंदवही उघडा," ती म्हणाली.

"कसली?"

"तुमची. ज्या रजिस्टरावर सात महिने मान वर करून बसलाय ते. उघडा म्हणते ना!"

हुपरीकरांनी पडद्यावर तन्मयचं नाव टाकलं. यादी उमटली. एकूण आवक एकसष्ट. सात महिन्यांत त्यांनी ही यादी एकदाही पाहिली नव्हती. पुढे सरकवलेल्या पत्राकडे वळून बघायची सवयच नव्हती. प्रत्येक नोंदीपुढे तारीख, वेळ, प्रकार. आणि शेवटच्या रकान्यात शेरा.

पहिल्या दोन नोंदींपुढे शेरा होता 'मुखत्यार'. तिसरीपुढे होता 'व्यक्ती स्वतः'. चौथीपुढे 'व्यक्ती स्वतः'. मंगल बोटानं एकेक ओळ खाली ढकलत गेली. स्वतः, स्वतः, स्वतः. फोन, निरोप, फोन, फोन, पत्र. एका दिवशी चार फोन. एकोणसाठ वेळा तो स्वतः आला होता. आणि शेवटची ओळ :

'आवक क्रमांक ६१. १२ मे. दुपारी ४ वाजून १० मिनिटं. प्रकार : दाराची घंटा. व्यक्ती स्वतः. कालावधी : ११ मिनिटं. कार्यवाही : गिळलं.'

त्यानंतर काहीच नव्हतं.

"मी भजनी मंडळात होते," मंगल हळू आवाजात म्हणाली. "तुम्ही घरात होता."

हुपरीकर पडद्याकडे बघत राहिले. दाराला लागून असलेल्या खोलीत, दहा पावलांवर, ते त्या वेळी पंखा लावून पडले होते.

"यातलं काय म्हणत होता तो, ते दाखवा."

"ते नसतं," हुपरीकर म्हणाले. "गिळलेल्याचा मजकूर राहत नाही. फक्त वरचा पत्ता."

"म्हणजे एकसष्ट रिकामी पाकिटं!"

हे झोंबलं, तसा हुपरीकरांनी उलटा हल्ला केला. कोपऱ्यात 'जावक' असा शब्द होता. जन्मात पहिल्यांदा त्यांनी त्यावर बोट ठेवलं, आणि त्यांचे डोळे मोठे झाले.

"हे काय? दोनशे सहा! दोनशे सहा वेळा तू त्याला फोन केलास? माझ्या नाकावर टिच्चून?"

"तुमच्या पाठीमागं. नाक वाचनालयात असायचं," मंगल म्हणाली. "आत येणाऱ्यावर पहारा बसवलात. बाहेर जाणाऱ्याला कोण विचारत होतं? मी फोन करायचे, उत्तर यायचं. तुमचंच ते संदर्भ-बिंदर्भ."

हुपरीकरांनी शेऱ्याचा रकाना पाहिला, आणि त्यांना हवं ते सापडलं. "बघ! बघ जरा! उत्तर देणारा : मुखत्यार. मुखत्यार. दोनशे सहाच्या दोनशे सहा! तुझा लाडका तुझ्याशी एकदाही बोललेला नाही. सात महिने मशीनशी बोलत होतीस तू!"

मंगलनं त्यांच्याकडे असं पाहिलं की त्यांचा विजय तिथेच आंबला.

"मला पहिल्याच दिवशी कळलं होतं," ती म्हणाली. "त्यानं विचारलं, 'आई, जेवलीस का?' आपल्या तन्मयनं जन्मात कधी असं विचारलंय? बापावर गेलाय तो."

"मग तरी...?"

"कोणीतरी विचारत होतं ना. या घरात दुसरं कोण विचारतं?" ती पाटावर बसली. "मी त्याला रोज म्हणायचे, तन्मयला सांग, आईशी बोल. तो म्हणायचा, सांगतो. पण तन्मय माझ्याशी बोलत नाही आणि तुमच्या दारात अकरा मिनिटं उभा राहतो. का? काय बोललात तुम्ही त्या वाढदिवसाला? तेवीस मिनिटं. आता सांगा."

हुपरीकरांना खरं म्हणजे त्या यंत्राचा कधीच राग नव्हता. राग ही सोयीची गोष्ट होती. चारचौघांत मिरवता येई. त्यांना भीती होती. मुखत्यारानं त्या संध्याकाळी तन्मयला चार ओळींत जो सारांश दिला असेल त्याची, आणि तो वाचून तन्मय फोनवर जे म्हणणार होता त्याची. ते ऐकावं लागू नये म्हणून त्यांनी पासष्ट हजार दारं लावून घेतली होती.

"बारावीनंतरचं पत्र," ते म्हणाले. "बंगळूरचं. पक्ष्यांच्या त्या शिक्षणाचं. मुलाखतीला बोलावलं होतं त्याला."

"ते आलंच नव्हतं."

"आलं होतं. रजिस्टर. पोस्टमन कोपऱ्यावरच भेटला, मीच सही करून घेतलं. तारीख उलटेपर्यंत माझ्या खणात होतं."

गौरीसमोरची समई मंगलनं उगाच पुढे सारली, मग मागे.

"अख्खा जून तो जिन्यात बसायचा," ती म्हणाली. "पोस्टमनची वाट बघत. मी त्याला हसायचे. म्हणायचे, अरे, पोस्टमन काय तुझा मामा आहे का? आणि तुम्ही त्याच्या शेजारून चपला काढून आत यायचात."

"पक्षी बघून पोट भरतं का? मला वाटलं, इंजिनिअर..."

"मुकाट गिळलंत," मंगल म्हणाली. "यंत्र यायच्या वीस वर्षं आधी."

त्या दिवशी तिनं त्यांना ताट वाढलं, पण पान घेऊन ती स्वयंपाकघरात बसली.

दुसऱ्या दिवशी अकराला हुपरीकर वाचनालयात गेले नाहीत. संगणकासमोर बसले. तन्मयवरचा नियम काढून टाकायला एक बोट पुरलं असतं, आणि तो त्यांनी काढला. पण नियम काढल्यानं काय होणार होतं? मे महिन्यापासून कोणी दार वाजवतच नव्हतं. आता बाहेर जायचं म्हणजे जावक. ते टेबल त्यांना ठाऊक नव्हतं. तासाभरात पत्र तयार झालं ते असं :

'विषय : रजिस्टर पत्र वेळेत न दिल्याबाबत. चि. तन्मय, वरील पत्र आलं होतं. मी लपवलं. कारण सांगण्यासारखं नाही. तुझी एकसष्ट मिळाली, परंतु वाचली गेली नाहीत. घंटा वाजली नाही. ती मीच बंद केली होती. आईला यातलं काही माहीत नव्हतं. उत्तर शिव्यांचं असलं तरी चालेल. बाबा.'

"वाचून दाखवू?" त्यांनी स्वयंपाकघराकडे पाहून विचारलं.

"तुमचं जावक तुम्ही बघा," आतून आवाज आला.

पत्र गेलं. त्या दिवशी उत्तर आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी हुपरीकरांनी उंबऱ्याला विचारलं, पत्र पोचलं का? पडद्यावर पाटी उमटली : 'रवाना झालं. पोचपावती नाही. समोर कोणीच नसावं, किंवा समोरून ते गिळलं गेलं असावं. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं.'

हे वाक्य त्यांच्या ओळखीचं होतं. पुस्तिकेत त्याखाली त्यांचीच लाल रेघ होती.

त्या दिवशी साडेअकराला मंगलनं नेहमीसारखा फोन लावला. हुपरीकर दाराआड उभे होते. टिण् वाजली.

"अरे, बाबांचं पत्र मिळालं का रे तन्मयला?"

"त्याबद्दल बोलायची मला परवानगी नाही, आई," तन्मयच्या आवाजात मुखत्यार म्हणाला. "जेवलीस का?"

मंगलनं दाराकडे न बघता फोन ठेवला. "ऐकलंत?" एवढंच म्हणाली.

हुपरीकरांनी दुसरं पत्र लिहिलं. मग तिसरं. चौथ्यात विषय लिहायचा राहून गेला. पाचव्यात त्यांनी जिन्यातल्या जूनबद्दल लिहिलं. रोज संध्याकाळी त्या पोराला ओलांडताना त्यांना नेमकं काय वाटायचं, ते खोडून खोडून लिहिलं. सहावं तीन ओळींचं होतं. रोज एक, अकरा वाजता, अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून. उत्तराचा रकाना कोरा.

सातवं गेल्यावर पडद्यावर पाटी आली : 'या पत्त्यावर सात पत्रं गेली. उत्तर एकही नाही. पाठवणं बंद करू का? हो? नाही?' आणि खाली तो बारीक चौकोन : 'पुन्हा विचारू नका.'

"किती झाली?" स्वयंपाकघरातून मंगलनं विचारलं. आठवड्याभरात तिनं आपणहून विचारलेला हा पहिला प्रश्न.

"सात."

"अजून चोपन्न," ती म्हणाली. "त्यानंतर त्याच्या दारात जाऊन उभं राहायचं. अकरा मिनिटं. तिकीट काढून ठेवा."

हुपरीकरांनी 'नाही'वर बोट ठेवलं. मग खालच्या चौकोनातही खूण केली, आणि आठवं पत्र लिहायला घेतलं.